सतरा, पंचवीस की पंचेचाळीस

आत्या गेली तेव्हा तिच्या फोटोवरून बाबांचं जे बिनसलं, तिथून या सगळ्याला सुरुवात झाली. आमच्याकडे माणूस गेलं की काही दिवसांनी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो. विहारातून भंते येतात, सगळे पांढऱ्या कपड्यांत खाली बसतात आणि समोर टेबलावर गेलेल्या माणसाचा फोटो असतो. आत्याचा एकटीचा असा फोटोच घरात सापडेना. मग तिच्या मुलांनी कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून तिला कापून काढलं आणि स्टुडिओतून मोठं करून आणलं. त्या फोटोत आत्याच्या खांद्यावर बांगड्या भरलेला एक हात होता, पण हाताच्या पुढे बाई नव्हती. वर स्टुडिओवाल्याने कुणी न सांगता आत्याला गोरं करून टाकलं होतं. जन्मभर उन्हात राबलेली माझी आत्या पावडरच्या डब्यात पडून उठल्यासारखी दिसत होती.

विश्रांतवाडीला परत येताना रिक्षात बाबा म्हणाले, "ती माझी बहीण नव्हती. भलत्याच बाईला वंदन करून आलो आपण."

"अहो, हळू बोला," आई म्हणाली.

"हळू कशाला? मी काळा आहे, माझा फोटो काळाच आला पाहिजे. आणि तो मी जिवंतपणी बघून, मंजूर करून ठेवणार. माझ्या मागे तुम्हा दोघींवर सोडायची माझी तयारी नाही."

बाबा एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले आणि अधीक्षक होऊन निवृत्त झाले. घरात कुठलीही गोष्ट ते मंजूर किंवा नामंजूर करतात. वाण्याच्या यादीवरसुद्धा शेरा मारतात. "साबण : मागील महिन्याचा शिल्लक असल्यास खात्री करावी." आई तो शेरा वाचते आणि साबण आणते.

मला वाटलं, दोन दिवसांत विसरतील. पण दुसऱ्या दिवशी चहा पिताना ते आपणहून म्हणाले, "माझ्या बापाचा एकही फोटो नाही, माहितीये ना तुला? तो गेला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. त्याचे हात आठवतात. खोकल्याचा आवाज आठवतो. चेहरा काही केल्या आठवत नाही. आठवायला बसलो की मानेपर्यंत येतो आणि पुढे काहीच नाही." एवढं बोलून त्यांनी बशी उचलली आणि पेपर उघडला. मी म्हटलं, काढू फोटो.

पुढच्याच महिन्यात त्यांच्या डोळ्यांचं निघालं. पेपरातल्या ओळी मध्येच वाकड्या दिसतात म्हणून डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घालून तपासलं आणि सांगितलं, की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय, वयामुळे होतं, यावर खास उपाय नाही. कडेचं दिसत राहील, मधलं हळूहळू जाईल.

"किती दिवसांत?" बाबांनी विचारलं.

"नक्की नाही सांगता येत. काही महिने लागतील, कदाचित जास्तही."

"म्हणजे मुदत निश्चित नाही," बाबा म्हणाले आणि उठले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "मग फोटोचं आधी बघ. तो मला दिसला पाहिजे."

इतकं साधं काम होतं. एक माणूस, एक खुर्ची, एक फोटो, आणि त्या माणसाला दिसतंय तोवर तो त्याच्या हातात द्यायचा. कुठल्याही शहाण्या मुलीने हे आठवड्यात उरकलं असतं.

पहिला प्रयत्न मोबाईलवर झाला. बाबांच्या गालांवर लहानपणी आलेल्या देवीचे व्रण आहेत. माझ्या मोबाईलने ते न विचारता पुसले, सुरकुत्या इस्त्री केल्या आणि रंगही दोन छटा उजळला. बाबांनी भिंग लावून बघितलं. "हा गृहस्थ कोण?" त्यांनी विचारलं. "सज्जन दिसतोय. पण मी नाही." स्टुडिओचं नाव काढायची सोय नव्हती, कारण आत्या डोळ्यांसमोर होती. तेव्हा मी जाहीर केलं, की मी चांगला कॅमेरा घेते.

आता खरं सांगायचं तर कॅमेरा मला कधीचाच हवा होता. बाबांचा फोटो हे आयतं निमित्त मिळालं. मी खराडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. या कामाने माणसाचा स्वभाव बिघडतो. माझा मुळातच फार बरा नव्हता.

महिनाभर इंटरनेटवर वाचून मी पेठेतल्या एका दुकानात गेले आणि लहानसा मिररलेस कॅमेरा मागितला. दुकानदार साठीचे, चष्मा कपाळावर. त्यांनी कॅमेऱ्याबरोबर मिळणारी झूम लेन्स पुढे ठेवली. मी ती हाताने बाजूला सारली. "ही नको. नुसती बॉडी द्या. मी प्राइम लेन्सच वापरणार आहे." हे वाक्य मी आरशासमोर म्हणून बघितलं होतं.

"कुठली प्राइम?"

"ते अजून ठरायचंय."

त्यांनी चष्मा खाली घेऊन माझ्याकडे नीट बघितलं. "मॅडम, फोटो काढायला लेन्स लागते. आमच्याकडे तशी पद्धत आहे."

मला इतका राग आला, की मी नुसती बॉडी घेऊनच बाहेर पडले. पुढचे आठ महिने तो कॅमेरा आमच्या टीव्हीशेजारी पुढे काळं झाकण लावून बसला होता. आई रोज त्याच्यावरची धूळ पुसायची. पाहुणे विचारायचे, चालू आहे का. आई सांगायची, "डोळा बसवायचा राहिलाय."

ज्यांना या भानगडीची कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगते. प्राइम म्हणजे झूम न होणारी लेन्स. तिला एकच आकडा असतो. आकडा लहान तर समोरचं जास्त मावतं, मोठा तर थोडंच मावतं पण चेहरा छान येतो. जवळ-लांब करायचं ते आपल्या पायांनी. माझ्या कॅमेऱ्यासाठी तीन बऱ्या लेन्स होत्या : सतरा, पंचवीस आणि पंचेचाळीस. मला परवडणार होती एक. झालं, तिथे माझं घोडं अडलं.

मी रोज कंपनीच्या बसमध्ये, येरवड्याच्या सिग्नलला, जेवणाच्या सुट्टीत लेन्सचे व्हिडिओ बघायला लागले. एक परदेशी गृहस्थ तर फक्त विटांच्या भिंतीचे फोटो काढायचे आणि मग ती भिंत मोठी करकरून दाखवायचे. मध्ये विटा कशा सुबक, कोपऱ्यात जरा मऊ. मी कोपऱ्यातली वीट न् वीट बघितली. एकदा बाबा मागून येऊन उभे राहिले. "तुला माझा फोटो काढायचाय," त्यांनी विचारलं, "की गवंडी तपासायचाय?"

मी एक तक्ता केला. उभ्या रांगेत तीन लेन्स, आडव्या रांगेत सतरा मुद्दे : वजन, काच, मधली धार, कडेची धार, पावसात चालते का, असे. बाबांचा फोटो पावसात काढायचा नव्हता, पण तपासणी पूर्ण हवी. कागदावर छापून मी तो बाबांपुढे ठेवला. त्यांना फार आनंद झाला. निवृत्तीनंतर त्यांच्यापुढे कुणी कागद ठेवलाच नव्हता. त्यांनी भिंग घेऊन तासभर तो वाचला आणि खाली शेरा मारला, "तक्ता पाहिला. तिन्ही प्रस्तावांतील फरक स्पष्ट होत नाही. पुनश्च सादर करावा."

मी पुनश्च सादर केला. या वेळी शेरा आला, "चर्चा करावी." चर्चेला आम्ही दोघं रविवारी समोरासमोर बसलो.

"तुझं मत काय?" बाबांनी विचारलं.

"अवलंबून आहे."

"असं बोलणाऱ्या साहेबांच्या हाताखाली मी सगळी नोकरी काढली. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"अहो बाबा, तसं नाही. पंचेचाळीसला मधला भाग एकदम स्वच्छ आहे, पण कडा थोड्या धूसर पडतात. त्याचंच मला वाईट वाटतं."

"मग माझं उलटं आहे," बाबा म्हणाले. "माझ्या कडा उत्तम आहेत."

ते सहज बोलले, हसलेसुद्धा. आई मात्र उठून आत गेली आणि बराच वेळ ओट्यावर भांडी वाजवत राहिली. बाहेर आली ती माझ्यावरच घसरली. "स्थळं पण अशीच बघितलीस तू. एकाची उंची, एकाचा पगार, एकाची आई. तक्ते करत बसलीस आणि मुलं लग्न करून मोकळी झाली."

"आई, लेन्सचं बोलतोय आपण."

"मी पण तेच बोलतेय."

शेवटी कुणीतरी मला सांगितलं, की लेन्स दोन दिवस भाड्यानेही मिळते. मग काय, मी आधी सतराची आणली. बाबांच्या अटी ठरलेल्या होत्या. फोटो पूर्ण हवा, खुर्चीत बसलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर, मागे पुस्तकांचं कपाट. गच्चीवर चला म्हटलं तर म्हणाले, "मागे पाण्याच्या टाक्या येतील. मी जन्मभर टाक्यांपुढे बसलो नव्हतो." खोटं नव्हतं, आणि त्यांच्या गुडघ्यांना जिनाही झेपत नव्हता. म्हणजे फोटो आमच्या दहा बाय बाराच्या हॉलमध्येच. सतराने पाच-सहा फुटांवरून सगळं मावलं. मी खूश झाले. कॉम्प्युटरवर मोठं करून बघितलं तर पुढे आलेले बाबांचे गुडघे घमेल्याएवढे आणि त्यांच्या मागे लांबवर एक छोटंसं डोकं.

बाबांनी मान तिरकी करून बघितलं. "हा गुडघ्यांचा फोटो आहे," ते म्हणाले. "मागे मी पण आलोय."

सतराची कटाप. पुढच्या शनिवारी पंचेचाळीसची आणली. सगळ्या जगाचं म्हणणं, की माणसाचा फोटो काढावा तर हिने. जगाची घरं मोठी असावीत. बाबांना पूर्ण सामावून घ्यायला मी मागे मागे सरकत भिंतीला टेकले, तरी त्यांची कंबरच येईना. मग मी दार उघडून जिन्याच्या चौकात गेले. तिथून पावलं कापली जात होती. आता मागे समोरच्या बाईंचं दार. या बाई म्हणजे निवृत्त गणिताच्या शिक्षिका, एकट्या राहतात आणि आम्हाला नववीतल्या मुलांसारखं वागवतात. मी बेल वाजवली आणि विचारलं, की दोन मिनिटं तुमच्या हॉलमध्ये उभी राहू का.

"या की," बाई म्हणाल्या. "फोटो तुमच्या वडिलांचा, घर आमचं. दिवाण सरकवू का? अजून थोड्या मागे गेलात तर स्वयंपाकघरात पोचाल. तिथे कणीक भिजवून ठेवली आहे, पोळ्या लाटून घ्या."

तर मी बाईंच्या हॉलमध्ये, मध्ये त्यांचं दार, मग चौक, मग आमचं दार, आमचं चपलांचं स्टँड आणि त्याच्या पलीकडे खुर्चीत बाबा. मी ओरडले, "बाबा, हनुवटी वर!" त्यांना ऐकू गेलं नाही. वरच्या मजल्यावरून कुणीतरी "काय झालं हो?" म्हणून विचारलं. तेवढ्यात गॅसवाला खांद्यावर सिलेंडर घेऊन वर आला. चाललेलं बघितलं आणि अदबीने थांबला. नेमका मधोमध. "काढा, काढा," म्हणाला, "मी थांबतो." त्याचा फोटो अप्रतिम आला. घामाचा थेंब न् थेंब मोजून घ्यावा.

तो बाजूला झाल्यावर बाबांचेही चार-पाच मिळाले, चपलांसकट. बाबांनी ते बघितले आणि शेरा तोंडीच दिला. "एवढ्या लांबून काढायचा होता तर मला कशाला बसवलंस? नाव-पत्ता लिहून ठेवायचा."

म्हणजे उरली पंचवीसची. मधली, साधी, कुणीच जिच्याबद्दल उत्साहाने बोलत नाही ती. मी घेणारच होते. शपथ. पण त्याच आठवड्यात कुठेतरी वाचलं, की पंचवीसची नवीन आवृत्ती येण्याच्या बेतात आहे. आता जुनी घेतली आणि महिन्याने नवी आली तर? मी थांबले. नवी आली नाही. मग वाचलं, की दुसऱ्या एका कंपनीची याच आकड्याची जास्त चांगली आहे, फक्त जड आहे. मी पुन्हा तक्ता काढला. तिसरा, चौथा, पाचवा. दर वेळी बाबांपुढे ठेवत होते, ते शेरे मारत होते, आणि मला वाटत होतं, बाबांचा वेळ बरा जातोय.

या दरम्यान घरात काय चाललं होतं तेही मी बघत होते, पण बघून न बघितल्यासारखं. सकाळचा पेपर आई मोठ्याने वाचून दाखवायला लागली होती. बाबा कप टेबलावर ठेवताना आधी बोटांनी कड चाचपायचे. एकदा त्यांनी सोसायटीच्या फाटकात अनोळखी माणसाला माझ्या नावाने हाक मारली. मी ते आईला विनोद म्हणून सांगितलं. आई हसली नाही.

सहावा तक्ता मी रंगीत छापला होता. संध्याकाळी कामावरून आले तर तो टेबलावर पडला होता. बाबांनी शेरा खाली कोऱ्या जागेत न मारता तक्त्याच्या मधोमध, छापलेल्या आकड्यांवरच मारला होता. अक्षर मोठं, ओळी एकमेकींवर चढलेल्या. "मान्यतेस" एवढा एक शब्द लागला, पुढचं वाचता येत नव्हतं. दिवसभराचा थकवा होता, माझं डोकंच फिरलं.

"काय हो बाबा! सगळा तक्ता खराब केलात. खाली एवढी जागा होती."

बाबा खुर्चीत बसले होते. "मला वाटलं, मध्ये मोकळंच आहे," ते म्हणाले.

मी तो कागद घेऊन बाल्कनीत गेले. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. या माणसाने माझ्याकडे एक गोष्ट मागितली होती. मला दिसतंय तोवर, एवढंच म्हणाला होता. आणि मी आठ महिने विटांचे कोपरे बघत बसले होते. लोकांच्या कामात चुका काढून पगार घेणारी मी. मी तिथे उभं राहून रडले, नाक पुसलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर रजा टाकली.

दुकान उघडायच्या आधी मी पायरीवर हजर होते. दुकानदारांनी मला ओळखलं. अशी गिऱ्हाइकं विसरत नसावेत.

"पंचवीसची द्या," मी म्हटलं.

"घाई होत नाहीये ना? बघा, अजून एखादं वर्ष विचार करून घ्या."

एरवी मी तिथे भांडण उकरून काढलं असतं. त्या दिवशी मी म्हटलं, "वडिलांना दिसेनासं होतंय हो. त्यांना त्यांचा फोटो दाखवायचाय."

त्यांनी खोका काढला, उघडला, माझ्या हातातून कॅमेरा घेऊन लेन्स स्वतः बसवली, काच पुसली. बिल करताना एवढंच म्हणाले, "खिडकीच्या उजेडात बसवा. फ्लॅश मारू नका, डोळ्यांना त्रास होईल." मी मान हलवली आणि निघाले.

रविवारी सकाळी बैठक मांडली. बाबा आदल्या दिवशी केस कापून आले होते. गुळगुळीत दाढी, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. बाल्कनीच्या दारातून छान मऊ उजेड येत होता. मी आठ फूट मोजून भिंतीला टेकले आणि कॅमेऱ्यातून बघितलं तर बाबा खुर्चीसकट, हातांसकट, कपाटासकट अगदी बेताने मावले होते. जणू कुणी माप घेऊन हॉल बांधला होता. आठ महिने! मला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

पण बाबा लेन्समध्ये बघेनात. नजर सारखी माझ्या डाव्या बाजूला, दाराकडे.

"बाबा, इकडे बघा."

"बघतोय."

"दाराकडे बघताय तुम्ही. लेन्समध्ये बघा, हे काळं आहे ना, इथे."

त्यांनी नजर आणली, क्षणभर कपाळाला आठ्या घातल्या, आणि पुन्हा दाराकडे. मी लेन्सशेजारी चुटक्या वाजवल्या. आईने मागून टाळ्या वाजवल्या. आवाज ऐकून समोरच्या बाई आल्या, हातात उलथनं घेऊन. त्या माझ्या डोक्यावर ते उलथनं नाचवत म्हणाल्या, "अहो, इकडे फळ्याकडे लक्ष द्या. बाहेर काय बघताय?" बाबा हसले. फोटो सुरेख आला. नजर दाराकडे.

मी साठ फोटो काढले. साठ! शेवटी माझा आवाज चढला. "एवढी साधी गोष्ट जमत नाही का हो तुम्हाला? एक मिनिट माझ्याकडे बघा ना, बस!" बाई हळूच निघून गेल्या. आईने माझ्याकडे रागाने बघितलं. बाबा मात्र शांतपणे म्हणाले, "आटोप आता. पाठ दुखते."

तरी मी त्यातला एक निवडून दुसऱ्या दिवशी मोठा छापून आणला. तो मी त्यांच्या हातात दिला. बाबांनी फोटो दोन्ही हातांत धरला, तोंडासमोरून बाजूला नेला, आणि वरच्या पंख्याकडे बघत बसले. फोटोकडे नाहीच. मग थोडा वर, थोडा खाली, पुन्हा बाजूला. बराच वेळ. आई दारात पदराला हात पुसत उभी होती.

"व्रण आलेत," ते म्हणाले.

"हो."

"काळा आहे."

"काळाच आहे."

"मग हा मीच. ठेव हाच."

"नाही बाबा," मी म्हटलं. "या रविवारी पुन्हा काढू. सगळ्या फोटोंत नजर भलतीकडेच गेलीये. एकातही तुम्ही माझ्याकडे बघत नाही आहात."

"कोण म्हणतं?" बाबा पंख्याकडे बघतच म्हणाले. "तुझ्याकडेच तर बघत होतो. सरळ बघितलं की तू जातेस. तिथे नुसता करडा डाग येतो. दाराकडे बघितलं की दिसतेस. केस बांधले होतेस, कपाळाला आठी होती. किती चिडतेस गं."

गेले कित्येक महिने, मी काही सांगायला लागले की बाबा भिंतीकडे नाहीतर पंख्याकडे बघत बसायचे. आता ह्यांचं माझ्याकडे लक्षच नसतं म्हणून मी किती वेळा आईजवळ तणतणले होते. मी आत गेले, कॅमेरा काढला आणि सगळे फोटो पहिल्यापासून पुन्हा एकेक करून बघितले. साठच्या साठ फोटोंत बाबा माझ्याकडे बघत होते.